ग्रेनेडा ते बेक्वे: छोट्या शिडाच्या बोटीने पहिल्यांदा बेटं फिरणाऱ्यांसाठी

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंट ही दोन मोठी बेटं आहेत आणि त्यांच्या मधोमध ग्रेनेडीन्स नावाची लहान बेटांची माळ. एका बेटावरून बहुतेक वेळा पुढचं बेट दिसतं. वारा वर्षातले कितीतरी महिने एकाच बाजूने, पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे छोट्या शिडाच्या बोटीने बेटं फिरायला शिकण्यासाठी जगात जी थोडी चांगली पाणी आहेत, त्यांत ही जागा येते.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा आणि दोन मित्र, भाड्याची ३६ फुटी बोट, पंधरा दिवस. चौघंही मुंबई बंदरात शीड धरायला शिकलेले, गेटवे ते मांडवा कितीदा केलेलं. तेवढ्यावर शिडाचं काम निभावलं. अडलो ते दुसरीकडे: विमान बदलण्याच्या व्हिसात, कस्टमच्या खिडकीवर आणि रात्री सरकणाऱ्या नांगरापाशी. म्हणून खाली शिडांबद्दल कमी आणि कागद, नांगर, पाण्याचा रंग यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

एक उच्चार आधीच सांगते. नकाशावर बेक्विया असं वाचता येईल असं स्पेलिंग असलेल्या बेटाला तिथे 'बेक्वे' म्हणतात. आणि याच माळेतल्या 'टोबॅगो कीज' या छोट्या बेटांचा टोबॅगो बेटाशी संबंध नाही. टोबॅगो ट्रिनिडाडच्या शेजारी, वेगळ्या देशात आहे. विमानाचं तिकीट काढताना हा घोळ करू नका.

१. आधी हंगाम, मग तिकीट

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ग्रेनेडा १२ अंश उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, म्हणून 'इथे वादळ येत नाही' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडा उद्ध्वस्त केलं. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ चौथ्या श्रेणीचं होऊन थेट कॅरियाकू बेटावर आदळलं आणि युनियन बेटावरची बहुतेक घरं त्याने मोडली. जुलैची पहिली तारीख म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झालेला.

डिसेंबर ते मे हा काळ ठेवा. त्यातही डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी 'ख्रिसमस वारे' वाहतात, तेव्हा २५ ते ३० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वारा दिवसेंदिवस पडत नाही. छोट्या बोटीत नवख्यांना तो दमवतो. पहिलीच खेप असेल तर मार्च ते मेचा मध्य निवडा. वारा १५ ते २० नॉट, समुद्र त्या मानाने नरम, आणि बोटीचं भाडंही उतरलेलं असतं.

२. कागदपत्रं: इथेच बहुतेकांची गाडी अडते

भारतीय पासपोर्टवर ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंट या दोन्ही देशांत पर्यटनासाठी आम्हाला आधी व्हिसा काढावा लागला नव्हता. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी खात्री करून घ्या. खरी अडचण वाटेत असते. भारतातून ग्रेनेडाला थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जायचं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा. हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल, तर तुम्हाला ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेशच करावा लागतो. आमच्या एका मित्राचं पहिलं तिकीट या एका कारणाने वाया गेलं, कारण तिकीट आधी काढलं आणि चौकशी नंतर केली.

ट्रिनिडाडमार्गे जाण्याचा पर्यायही आहे. तो घेतलात तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ हवा. भारतात परत येताना, पीतज्वर आढळणाऱ्या देशातून आलेल्या आणि दाखला नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही.

तिसरा सापळा जाण्यायेण्याच्या तऱ्हेचा. विमानाने एका देशात उतरून बोटीने दुसऱ्या देशात जाणार असाल, तर इमिग्रेशनला परतीचं तिकीट दाखवता येत नाही आणि विमान कंपनी मुंबईतच तुम्हाला अडवू शकते. उपाय साधा आहे. बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून एक पत्र मागवा: 'अमुक पासपोर्टधारक अमुक बोटीवर अमुक तारखेपासून खलाशी म्हणून दाखल होणार आहे.' त्यावर बोटीचा नोंदणी क्रमांक आणि स्किपरचं, म्हणजे बोटीच्या कप्तानाचं, नाव हवं. हे पत्र छापून हातात ठेवा, फोनमध्ये नको.

बोटीवर एका जाड, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आम्ही हे ठेवलं होतं:

- पासपोर्ट, परतल्यानंतरही निदान सहा महिने चालेल असा, आणि त्याच्या चार-चार झेरॉक्स
- बोटीचं नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद, दोन्ही मूळ प्रत
- भाडेकरार, ज्यात बोट दुसऱ्या देशात न्यायची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे
- खलाशांची यादी, दहा प्रती: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व
- स्किपरचा परवाना आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र
- आजवर केलेल्या सफरींची नोंदवही
- प्रवास विमा, ज्यात शिडाच्या बोटीवरचा प्रवास वगळलेला नाही
- आधीच्या बंदराने दिलेला निघण्याचा दाखला

नोंदवहीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे मौजेसाठी बोट चालवणारे फार थोडे नोंद ठेवतात. परदेशातल्या बोट कंपन्या परवान्याइतकंच या वहीकडे पाहतात. किती दिवस, किती सागरी मैल, केवढी बोट, स्वतः स्किपर म्हणून किती वेळा. आजपासून लिहायला लागा. मांडव्याची फेरीसुद्धा लिहा.

प्रवास विम्याचं बारीक अक्षर वाचताना 'किनाऱ्यापासून बारा सागरी मैल' अशी मर्यादा दिसली तर ती पॉलिसी या मार्गाला अपुरी पडू शकते.

३. बोट घेताना

चौघांना ३४ ते ३८ फुटांची एका सांगाड्याची बोट पुरते. दोन सांगाड्यांची कॅटामरान ऐसपैस असते, पण वाऱ्यासमोर चढताना एका सांगाड्याची बोट वाऱ्याच्या दिशेला जास्त जवळ धरून जाते, आणि तुमचा अर्धा प्रवास वाऱ्याकडे तोंड करूनच होणार आहे.

बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस दोन तास सगळं दाखवतो. त्या दोन तासांत आम्ही एकाने प्रश्न विचारले आणि एकाने व्हिडिओ काढला. पुढे मध्यरात्री पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा तो व्हिडिओच कामी आला. मला विचाराल तर या गोष्टी हात लावून पाहाच:

- नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून मोजा. ५० मीटरपेक्षा कमी असेल तर जास्त मागा. तिचं आतलं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, तेही पाहा.
- मोठ्या शिडाला दोन रीफ घेता येतात का, म्हणजे शीड दोन टप्प्यांत लहान करता येतं का, ते धक्क्यालाच करून पाहा.
- इंजिनच्या पाण्याच्या वाटेवरची गाळणी कशी उघडायची ते शिका. २०११ पासून या समुद्रात सरगॅसम नावाचं तरंगतं शेवाळ मोठ्या प्रमाणात येतं. ते गाळणीत अडकलं की इंजिन तापतं.
- डिंगीला, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीला, कुलूप आणि तारेचा दोर आहे का. रात्री डिंगी पाण्यात सोडून झोपू नका. वर उचलून बांधा. चोरीला जाणाऱ्या वस्तूंत डिंगीचं इंजिन पहिलं.

आत्मविश्वास कमी असेल तर पहिले दोन-तीन दिवस स्थानिक स्किपर घ्या. आपल्याकडे तांडेल जसा पाण्याचा रंग पाहून खडप सांगतो, तशी ही माणसं सांगतात. आम्ही एक दिवस घेतला होता, तीन दिवस घ्यायला हवा होता.

४. मुंबईच्या पाण्यात शिकलेलं काय बाजूला ठेवायचं

ही बाब सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून सावकाश लिहिते.

पहिली गोष्ट बोयांची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची. जगात बोयांच्या रंगांचे दोन प्रदेश आहेत. भारत 'अ' प्रदेशात येतो: बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. कॅरिबियन 'ब' प्रदेशात आहे आणि तिथे हे बरोबर उलटं, शिरताना लाल उजव्या हाताला. डोक्याला माहीत असतं, पण हात जुन्या सवयीने वळतो. युनियन बेटाच्या क्लिफ्टन बंदरात शिरताना मी सुकाणूवर होते आणि लाल बोया डाव्या बाजूला घेत निघाले होते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या मित्राने तपकिरी पाणी पाहून हाक मारली म्हणून वाचलो. त्या बंदराच्या अगदी मधोमध प्रवाळाचा खडक आहे. त्यानंतर आम्ही सुकाणूसमोर लाल चिकटपट्टीने लिहून ठेवलं: 'येताना लाल उजवीकडे'. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, म्हणून आपण तक्त्याशिवाय हलत नाही. इथे फरक जेमतेम अर्धा मीटर. ऐकायला सोपं वाटतं. पण मुंबईत गाळात रुतलात तर पुढची भरती उचलते. इथे प्रवाळावर चढलात तर वर उचलणारं पाणी येत नाही.

तिसरी गोष्ट पाणी वाचण्याची. आपल्या बंदरात पाणी गढूळ, हातभर खाली दिसत नाही, म्हणून आपण खोली यंत्रावर पाहतो. इथे डोळ्यांनी पाहायची असते. गडद निळं म्हणजे खोल. फिकट हिरवट निळं म्हणजे वाळूवर काही मीटर पाणी. जवळजवळ पांढरं म्हणजे फारच उथळ. तपकिरी किंवा पिवळट दिसलं की प्रवाळ, तिथून दूर. गडद पण धूसर कडांचे डाग बहुधा समुद्री गवताचे. ढगाची सावलीही तशीच दिसते, फक्त ती सरकते, म्हणून अर्धा मिनिट थांबून पाहा. हे सगळं सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच दिसतं. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच प्रवाळाच्या जागी शिरायचं, पोलराइड चष्मा घालून एक माणूस नाळेवर उभा करायचा, आणि त्याने तोंडाने न ओरडता हाताने दिशा दाखवायची. वाऱ्यात शब्द पोहोचत नाहीत.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि अंधार झपाट्याने पडतो. चार वाजता नांगर पडलेला असेल अशा हिशेबाने सकाळी निघा. रात्री बेटांमधून जाऊ नका. बऱ्याच कंपन्यांच्या करारात ते निषिद्धच असतं.

५. मार्ग

आम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलो. वारा ईशान्य-पूर्वेचा आणि प्रवाह पश्चिमेकडे ढकलणारा, म्हणजे चढणच. दुसऱ्यांदा गेले तर सेंट व्हिन्सेंटहून बोट घेऊन खाली ग्रेनेडाकडे येईन आणि बोट तिकडेच सोडण्याचे जास्तीचे पैसे भरेन. नवख्यांनी तसंच करावं. तरीही ग्रेनेडाहून निघायचं ठरलं असेल, तर पुढचं वाचा.

*ग्रेनेडाची पश्चिम किनारपट्टी.* राजधानी सेंट जॉर्जेसहून निघाल्यावर लगेच मोलिनिएरला थांबा. तिथे २००६ पासून पाण्याखाली शिल्पांचं उद्यान आहे. नांगर टाकायचा नाही, मोरिंगला, म्हणजे तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाला, बांधायचं. पुढे डोंगराच्या आडोशाला वारा कधी शून्य, कधी दरीतून अचानक अंगावर. इंजिन चालू ठेवून किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरका.

*ग्रेनेडा ते कॅरियाकू.* सेंट जॉर्जेस ते कॅरियाकूचा टिरेल बे उपसागर सुमारे ३० सागरी मैल. कागदावर सहा तास, प्रत्यक्षात वाऱ्यासमोर नागमोडी चढत आम्हाला नऊ लागले. उजाडताच निघा. बेटाचं उत्तर टोक संपण्याआधीच, आडोशात असतानाच एक रीफ घ्या, कारण टोकापलीकडे वारा एकदम पाच-सात नॉटने वाढतो आणि अटलांटिकच्या लाटा सुरू होतात. तिथे डोलकाठीपाशी जाऊन शीड लहान करणं वेगळंच काम होतं.

या पट्ट्यात, ग्रेनेडाच्या उत्तरेला सुमारे आठ किलोमीटरवर, किक-एम-जेनी नावाचा समुद्राखालचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचा नोंदलेला पहिला उद्रेक १९३९ चा, अलीकडचा एप्रिल २०१७ चा. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचं बंदी वर्तुळ कायम असतं. धोक्याची पातळी नारिंगी झाली की ते पाच किलोमीटरचं होतं. वर्तुळामागचं कारण समजून घ्या: वर येणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी पाण्याची घनता कमी होते आणि बोटीला तरंगण्यापुरता आधार मिळत नाही. निघायच्या सकाळी पातळी विचारून घ्या आणि नकाशावर वर्तुळ आखा.

*कॅरियाकू.* टिरेल बेचा आडोसा चांगला. इथे एक दिवस जास्त राहा. बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला विंडवर्ड नावाच्याच गावात अजूनही किनाऱ्यावर लाकडी शिडाच्या होड्या बांधतात. २०२३ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कोकणात खाडीकाठी वाळूवर उभा केलेला होडीचा सांगाडा ज्याने पाहिला आहे, त्याला तिथून पाय काढवत नाही.

*युनियन, मायरो, टोबॅगो कीज.* कॅरियाकू ते क्लिफ्टन सुमारे दहा सागरी मैल, पण मध्ये देशाची हद्द आहे. पुढे टोबॅगो कीज अर्ध्या दिवसाच्या आत: माणसांची वस्ती नसलेली पाच छोटी बेटं आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालेसारखी प्रवाळाची भिंत. ती लाटा अडवते, वारा अडवत नाही. नांगर टाकून बोटीत बसलात की तुमच्या आणि आफ्रिकेच्या मध्ये फक्त समुद्र असतो. हे सागरी उद्यान आहे, माणशी शुल्क पडतं, मासेमारी बंद. बॅराडाल बेटाच्या बाजूला आखलेल्या भागात कासवं गवत चरतात. तिथे डिंगीचं इंजिन नेऊ नका, पोहत जा आणि कासवांच्या मागे लागू नका. त्यांना श्वासासाठी वर यावंच लागतं आणि माणसं घेरून राहिली की ती दमतात.

*बेक्वे.* कीजपासून सुमारे २५ सागरी मैल. लांब वाटला तर मध्ये कॅनुआनला रात्र काढा. अ‍ॅडमिरल्टी बे हा मोठा, पश्चिमेकडे उघडा उपसागर, वाळूचा तळ. इथे पोहोचल्यावर दोन दिवस काहीही ठरवू नका.

बेरिलनंतर युनियन, कॅरियाकू, मायरो इथले धक्के, मोरिंग, दुकानं यांची जुन्या पुस्तकांतली माहिती जशीच्या तशी धरू नका. पोहोचल्यावर स्थानिकांना विचारा आणि होईल तितका खर्च याच बेटांवर करा. तिथल्या लोकांनी घरं पुन्हा उभी केली आहेत, त्यांना गिऱ्हाईक हवं आहे.

६. देश बदलताना

कॅरियाकू ग्रेनेडात, युनियन सेंट व्हिन्सेंटमध्ये. पेटिट मार्टिनिक ग्रेनेडाचं आणि डोळ्यासमोर दिसणारं पेटिट सेंट व्हिन्सेंट दुसऱ्या देशाचं. 'जरा पलीकडे जाऊन येतो' असं इथे चालत नाही.

क्रम असा:

१) टिरेल बेला कस्टम आणि इमिग्रेशनमध्ये जाऊन निघण्याचा दाखला घ्या. हा कागद हरवला तर पुढचा देश दारात उभं करत नाही.

२) सेलक्लिअर या ऑनलाइन व्यवस्थेत बोटीची आणि खलाशांची माहिती आदल्या रात्री भरा. मिळालेला क्रमांक वहीत लिहा. हे भरलं म्हणजे काम झालं असं नाही, खिडकीवर जावंच लागतं. फक्त तिथला अर्धा तास वाचतो.

३) नव्या देशाच्या हद्दीत शिरताना उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवा. अर्थ: आमची तपासणी व्हायची आहे.

४) नांगर टाकल्यावर फक्त स्किपर किनाऱ्यावर जातो. बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं, कितीही सुंदर किनारा समोर असला तरी.

५) शिक्के झाले की पिवळा झेंडा खाली, त्या देशाचा छोटा झेंडा वर.

शनिवार, रविवार आणि कचेरीच्या वेळेबाहेर जास्तीचं शुल्क पडतं, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी पोहोचा. शुल्क पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये. एक अमेरिकी डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. सुट्या नोटा ठेवा.

कपडे नीट घाला. पोहण्याच्या कपड्यांत कचेरीत शिरणं अपमानाचं मानतात. आत गेल्यावर पहिलं वाक्य 'गुड मॉर्निंग', काम त्यानंतर. आणि लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा. या दोन्ही देशांत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलाची चड्डीसुद्धा त्यात येते.

इथून पुढे मार्टिनिकला (पेटिट मार्टिनिक नव्हे) जायचा मोह झाला तर थांबा. ते फ्रान्सचं आहे, पण साध्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. फ्रान्सच्या त्या भागासाठी ग्राह्य असल्याची नोंद व्हिसावर हवी.

७. नांगर

टिरेल बेमधल्या दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली. लाटांचा आवाज बदलला होता. बाहेर आले तर शेजारची बोट, जी झोपताना पन्नास मीटरवर होती, ती हाताच्या अंतरावर. आमचा नांगर गवतात पडला होता, मातीत शिरलाच नव्हता. चौघांनी मिळून अर्ध्या तासात बोट हलवली, शेजाऱ्यांनी टॉर्च धरला आणि एका शब्दाने रागावले नाहीत. त्यानंतर आम्ही एकही दिवस ही पद्धत मोडली नाही:

- वाळूचा फिकट डाग शोधा. गवतावर किंवा प्रवाळावर नांगर टाकू नका. गवतात तो धरत नाही आणि प्रवाळ मोडतो.
- वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबू द्या, मग नांगर सोडा. बोट मागे सरकत असताना साखळी पसरवा, ढीग करू नका.
- पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या पाचपट साखळी. जोराचा वारा असेल तर सातपट. चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळ म्हणजे किमान २५ मीटर.
- इंजिन हळूहळू उलटं चालवून ताण द्या. किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून पाहा. रेषा मोडत असेल तर नांगर सरकतो आहे, पुन्हा टाका.
- पाण्याखाली पाहायचा चष्मा लावून पाण्यात उडी मारा आणि नांगर डोळ्यांनी पाहा. पाणी इतकं स्वच्छ असताना हे न करण्याला कारण नाही.
- फोनवर नांगराचा अलार्म लावा.

आत शिरताना लहान होड्यांतून तरुण मुलं येऊन मोरिंग देऊ करतील. ती नम्र असतात, काम हेच त्यांचं उत्पन्न, त्यांच्याकडून पाव, मासे, बर्फ जरूर घ्या. पण मोरिंग कुणाचा आणि तळाशी काय आहे हे विचारा आणि पैसे देण्याआधी खाली जाऊन पाहा. काही मोरिंगांखाली झिजलेला दोर आणि एक सिमेंटचा ठोकळा एवढंच असतं.

८. खाणं, पाणी, किनारा

टाकीत ३०० लिटर गोडं पाणी असेल तर माणशी दिवसाला दहा लिटर धरून चौघांना आठवडाभर पुरेल. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासा, शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवा.

डाळ-तांदूळ, मसाला घरून नेला तरी बाजार तिथलाच करा. ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे आणि बाजारात ते ढिगाने मिळतं. कॅलालू नावाची भाजी ज्या पानांची करतात ती अळूचीच, आपल्याकडच्या फदफद्याची आठवण येते. नीरफणस सगळीकडे. तो १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने जहाजातून सेंट व्हिन्सेंटला आणला. आणि रोटी: उकडलेल्या बटाट्याची किंवा कोंबडीची रश्शाची भाजी भरून गुंडाळलेली. ती इथे आली गिरमिटियांबरोबर. १८५७ मध्ये मेडस्टोन जहाज ग्रेनेडाला आणि १८६१ मध्ये त्रावणकोर जहाज सेंट व्हिन्सेंटला भारतीय मजूर घेऊन आलं. सेंट जॉर्जेसच्या बाजारात रोटी विकणाऱ्या बाईंनी मला विचारलं, 'तुमच्याकडेही रोटीच म्हणतात?' मी हो म्हटल्यावर त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. मी ते जबरदस्तीने ठेवले.

मासेमारीचे नियम बंदरात विचारा. सेंट व्हिन्सेंटमध्ये परदेशी माणसाला भाल्याने मासे मारता येत नाहीत. प्रवाळाजवळचे मोठे मासे, विशेषतः बाराकुडा, खाऊ नका. त्यांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं आणि ते शिजवून जात नाही.

किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं झाड दिसलं तर त्याच्यापासून लांब राहा. ते मँचिनील. फळ विषारी, चीक कातडी भाजतो, आणि पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तर पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा. शंख-शिंपले उचलून आणू नका. राणी शंखाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि विमानतळावर ते महागात पडतं.

९. बोट परत करताना

शेवटची रात्र बोट परत करायच्या बंदराजवळच काढा, वीस मैलांवर नाही. डिझेल भरून पावती ठेवा. कंपनीचा पाणबुड्या बोटीचा तळ आणि सुकाणू तपासतो. तेव्हा तुमच्यातलाही एक जण पाण्यात असू दे, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या अनामत रकमेवर येत नाही. सुरुवातीच्या दिवशी तळाचे फोटो काढले असतील तर आणखी बरं. दोन देश फिरून जिथून निघालात तिथेच परतला असाल, तर पुन्हा पिवळा झेंडा, पुन्हा खिडकी, पुन्हा शिक्का. तो पासपोर्टवर पडला आहे हे विमानतळावर जाण्याआधी पाहून घ्या.

विमान आणि बोट परत करण्याचा दिवस यांच्यात एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा. वारा वाढला तर तो लागतो. नाही लागला, तर सेंट जॉर्जेसच्या गोदीवर बसून येणाऱ्या बोटी बघा.